रकाने

रात्रीचे अकरा. सुदामानगरात
आज नळाचा दिवस नव्हता.
टाकीत किती पाणी उरलंय ते कुणी पाहिलेलं नाही,
आणि मी ठरवत बसलेय
की डेटाबेसनं दिलेलं उत्तर
प्रोग्रॅमच्या हातात कसं ठेवायचं.

तसं ड्रायव्हरचं काम हमालाचंच.
तिथून उचलायचं, इथे उतरवायचं.
पण पोत्यावर काय लिहिलंय ते वाचावं लागतं
आणि वाचलं
की आपलं डोकं चालवायचा मोह होतो.

पहिल्या आवृत्तीत मी फार शहाणी होते.
अंक दिसले की म्हणायचे, संख्या असणार.
००७२१४ वरची दोन शून्यं
दुधावरची साय काढावी तशी काढली.
पतसंस्थेच्या जुन्या वहीत ७२१४ नावाचा
वेगळाच माणूस होता, त्याच्यावर कर्ज बसलं.

तारखेचा रकाना रिकामा असेल
तर एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
कुणीतरी सोयीसाठी ठरवलेला काळाचा आरंभ,
तो मी 'मृत्यू दिनांक' या शब्दांखाली खुशाल जाऊ दिला.
सोमवारी पुणतांबेकर बाई काउंटरवर,
पासबुक हातात, छत्री काखेत:
"अहो, मी गेले तेव्हा तुमची संस्था तरी होती का?"
मॅनेजरचा फोन आला.
"मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही?"

शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं.
कोरं म्हणजे पेन टेकवलं, पण लिहिलं नाही.
आणि एक तिसरं,
अजून कुणी विचारलेलंच नाही.
अनुज त्याला 'नल' म्हणतो
आणि मला दर वेळी
आधी नळच ऐकू येतो.

पैशांचं आणखी वेगळं.
बाबांना निमकी-पाउणकी अजून तोंडपाठ;
गंमत अशी की पाव, अर्धा, पाऊण
यंत्राच्या पोटातही बिनचूक मावतात,
दहा पैसे मावत नाहीत.
तीनदा दहा पैसे मिळवून पाहा:
दशांशचिन्हानंतर सतराव्या घरात
एक चार उरतो,
कुणाचाच नसलेला.
म्हणून रुपये आता अंकाअंकानं नेते,
काचेच्या बरण्या न्याव्यात तसे.

अनुज म्हणाला, इतकं कशाला?
ज्याला जे लागेल त्यात आपणच बदलून देऊ.
अनुज मंदसौरचा. त्याला म्हटलं, ऐक.
आम्ही पिंगळे.
इंदूरला आलो तेव्हा नोंदणीच्या बाबूकडे ळ नव्हता.
त्याची चूक नाही, त्याच्या रकान्यात तो मावतच नव्हता.
आम्ही पिंगले झालो: रेशनकार्डावर, गुणपत्रिकेत,
शेवटी दारावरच्या पाटीवरही,
कारण पोस्टमन गोंधळायचा.
ळ चा ल एका झटक्यात होतो.
परत येताना मात्र
कोणता ल मुळात ळ होता
आणि कोणता जन्मानंच ल,
हे ल ला विचारून कळत नाही.

अनुजनं म्हणून पाहिलं. जीभ वळवून, तीनदा.
पिंगड़े झालं.
मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला,
ठीक आहे. कच्चे बाइट.

तर आता असं.
उत्तरासोबत त्याचा प्रकार जाईल,
जो ओळखू येत नाही त्याला हात लावणार नाही.
संख्या हवी असेल त्यानं तोंडानं मागावी.
त्याच्या भांड्यात मावली नाही
तर मी ओरडेन,
गुपचूप छाटणार नाही.

चाचण्या हिरव्या. शेवटच्या चाचणीत
मी आमचं आडनाव घातलंय.
जातं, परत येतं, ळ सकट.

दाराखालून सरकवलेलं विजेचं बिल उचलते.
सुश्री वैजयंती पिंगले.
पिछला बकाया: निरंक.